ट्रिपल-डबलचं खूळ

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळत होता. लिहू की नको, लिहू की नको करता करता मागच्या शनिवारी एका मित्राने असा काही डोक्याला शॉट दिला की म्हटलं, आता लिहूनच टाकू. पुढच्या वेळी वाद झाला की तोंडाची वाफ दवडण्यापेक्षा हे त्याच्यासमोर धरता येईल.

तर झालं असं. एनबीएच्या मॅचेस आपल्याकडे पहाटे किंवा सकाळी असतात. नोकरदार माणसाला त्या शनिवार-रविवारीच नीट बघता येतात. मागच्या शनिवारी आम्ही तिघे चहाचे मग घेऊन बसलो होतो. मॅच दुसऱ्याच क्वार्टरमध्ये एकतर्फी झाली आणि मग जे व्हायचं तेच झालं, गप्पा सुरू झाल्या. साहेबांनी फर्मान काढलं, "ख्रिस पॉल ओव्हररेटेड आहे. पॉइंट गार्ड असावा तर रसेल वेस्टब्रूकसारखा. अरे, ट्रिपल-डबलची सरासरी! ती पण एक नाही, चार सीझन! पॉलचा असला एक तरी सीझन दाखव."

आणि फोन माझ्या नाकासमोर. त्यावर आकड्यांचा तक्ता. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असा चेहरा.

मी म्हटलं, बाबा रे, तुझा तक्ता खरा आहे, त्यातला एकही आकडा खोटा नाही. आणि तरीही तुझं म्हणणं साफ चूक आहे. पॉल हा वेस्टब्रूकपेक्षा जास्त मोलाचा खेळाडू होता. थोडाथोडका नाही, बराच. ज्यांना हे दिसत नाही त्यांची एक गल्लत होते आहे: माणसाने किती काम केलं आणि त्याच्या असण्याने किती फरक पडला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण पहिल्याचं उत्तर मोजतो आणि दुसऱ्याचं समजून मिरवतो.

आता जरा सविस्तर.

ज्यांना बास्केटबॉलचं फारसं वेड नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पाच जणांच्या संघात पॉइंट गार्ड म्हणजे जो चेंडू घेऊन वर येतो, डाव मांडतो, कोणी कुठे पळायचं आणि चेंडू कधी कोणाकडे जायचा ते ठरवतो. ट्रिपल-डबल म्हणजे गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील आणि ब्लॉक या पाच रकान्यांपैकी तिघांत एकाच सामन्यात दोन आकडी मजल. १९६१-६२ मध्ये ऑस्कर रॉबर्टसनने अख्ख्या सीझनची सरासरीच ट्रिपल-डबल काढली. त्यानंतर पंचावन्न वर्षं कोणालाही ते जमलं नाही. लोक म्हणायचे, आता हे होणे नाही.

२०१६-१७ मध्ये वेस्टब्रूकने ते केलं. सामन्यामागे ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड, १०.४ असिस्ट. ट्रिपल-डबल ४२, म्हणजे ऑस्करच्या ४१ पेक्षा एक जास्त. सर्वात मौल्यवान खेळाडूचा किताब, एमव्हीपी, त्यालाच मिळाला. मग २०१७-१८ ला पुन्हा, २०१८-१९ ला पुन्हा, २०२०-२१ ला पुन्हा. मे २०२१ मध्ये त्याने ऑस्करचा कारकिर्दीतला १८१ ट्रिपल-डबलचा विक्रमही मोडला. अचाट आहे. मी नाकारत नाही. मी स्वतः कॉलेजात असताना हॉस्टेलच्या रडक्या वायफायवर त्याचे व्हिडिओ बघत जागलोय.

पण आता दुसरा तक्ता बघा. हा माझा मित्र कधी उघडत नाही. त्या चार सीझनमध्ये वेस्टब्रूकच्या संघाचं पुढे काय झालं? २०१७ मध्ये पहिल्याच फेरीत ह्यूस्टनकडून ४-१ ने हार. २०१८, पहिली फेरी, युटाकडून ४-२. २०१९, पहिली फेरी, पोर्टलंडकडून ४-१. २०२१, पहिली फेरी, फिलाडेल्फियाकडून ४-१. चार विक्रमी सीझन, प्लेऑफमध्ये एकूण पाच विजय आणि सोळा पराभव.

"संघ वाईट होता!" हे मित्राचं ठरलेलं उत्तर. ठीक. मग संघ बदलून बघू या का? योगायोग असा, की हा प्रयोग खरोखर झाला.

जुलै २०१९. ह्यूस्टनने ख्रिस पॉल ओक्लाहोमाला दिला आणि वेस्टब्रूक घेतला. नुसती अदलाबदल नव्हती. ह्यूस्टनने पॉलच्या वर आणखी भर घातली: पहिल्या फेरीतल्या दोन ड्राफ्ट निवडी, शिवाय आणखी दोन वर्षांच्या निवडी बदलून घेण्याचा हक्क. म्हणजे आपला जुना फ्रिज देऊन, वर रोख रक्कम मोजून, शेजाऱ्याचा फ्रिज आणावा तसं. बाजाराने भाव सांगून टाकला होता: वेस्टब्रूक = पॉल + बरंच काही. पॉल तेव्हा ३४ वर्षांचा, त्याचा करार अवाढव्य. गळ्यात पडलेलं लोढणं म्हणूनच सगळे त्याच्याकडे बघत होते. ओक्लाहोमाने त्याच उन्हाळ्यात पॉल जॉर्जही विकला होता (हा दुसरा पॉल, आदल्या सीझनला एमव्हीपीच्या मतदानात तिसरा आलेला). सीझनपूर्वीच्या बहुतेक भाकितांत ओक्लाहोमाला प्लेऑफमध्ये जागाच नव्हती.

मग सीझन झाला. मध्ये कोविड आला, सामने ७२ वर आले. शेवटी दोघांचा हिशोब काय?

ह्यूस्टन: ४४ विजय, २८ पराभव.

ओक्लाहोमा: ४४ विजय, २८ पराभव.

सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू की लेखकाने जरा अतीच केलं. आदल्या वर्षाशी ताडून बघा. ह्यूस्टन पॉलसोबत ५३-२९ होतं, म्हणजे साधारण ६५ टक्के सामने जिंकणारं. ते ६१ वर आलं. ओक्लाहोमा वेस्टब्रूक आणि जॉर्ज दोघांसोबत ४९-३३ होतं, म्हणजे ६० टक्के. दोन्ही तारे गेले, पॉल आला, आणि तेही ६१ वर गेलं. ज्याच्यासाठी वर पैसे मोजले तो आल्यावर घर किंचित खाली गेलं. ज्याला घेण्यासाठी वर पैसे मिळाले त्याने पडकं घर उभं ठेवलं.

इथे माझ्यातला इंजिनियर लगेच हात वर करतो, की हा काही प्रयोगशाळेतला प्रयोग नाही. बरोबर आहे. ह्यूस्टनमध्ये जेम्स हार्डन होता, तोही चेंडू हातात ठेवूनच खेळणारा. ओक्लाहोमाला जॉर्जच्या बदल्यात गॅलिनारी आणि शे गिल्जस-अलेक्झांडर मिळाले होते, ते काही टाकाऊ नव्हते. आणि वेस्टब्रूकने त्या वर्षी सामन्यामागे २७.२ गुण केले, तो वाईट खेळला असं कोणी म्हणू नये. एकाच प्रयोगावरून सिद्धांत मांडू नये, हे मान्य.

म्हणून प्रयोग पुन्हा करू. पॉलने घरं बरीच बदलली आहेत, त्यामुळे नमुने भरपूर आहेत.

तो २००५ मध्ये लीगमध्ये आला तेव्हा हॉर्नेट्स आदल्या वर्षी १८-६४ होते. त्याच्या पहिल्याच सीझनमध्ये ३८-४४. क्लिपर्स २०१०-११ ला ३२-५०. २०११-१२ ला पॉल आला आणि ४०-२६. ह्यूस्टन ५५-२७, तो २०१७-१८ ला आला आणि ६५-१७. ओक्लाहोमाचं वर सांगितलंच. फीनिक्स २०१९-२० ला ३४-३९, दहा वर्षं प्लेऑफचं तोंड न पाहिलेला संघ. २०२०-२१ ला पॉल आला आणि ५१-२१, थेट अंतिम फेरी, १९९३ नंतर पहिल्यांदा. पुढच्या वर्षी ६४-१८, फ्रँचायझीचा विक्रम. (फीनिक्स पॉल यायच्या आधीच सुधारायला लागलं होतं, कोविडच्या बंद मैदानातले शेवटचे आठही सामने ते जिंकले होते. तेही श्रेय कापा. तरी बरंच उरतं.) २०२४-२५ ला चाळिशीला टेकलेला हा माणूस सॅन अँटोनियोला गेला. आदल्या वर्षी २२-६० असलेला संघ ३४-४८ वर आला, आणि पॉल ८२ च्या ८२ सामन्यांत पहिल्या पाचांत होता.

एकदा झालं तर योगायोग. दोनदा झालं तर नशीब. सहाव्यांदा झालं की बाबा, आपणच आपला तक्ता तपासावा.

वेस्टब्रूकचं तेच करून बघू. ह्यूस्टन किंचित खाली. वॉशिंग्टन २५-४७ वरून ३४-३८, म्हणजे वर. हे त्याचं श्रेय, प्रामाणिकपणे दिलं. मग २०२१-२२ ला लेकर्स: ४२-३० वरून ३३-४९, प्लेऑफच्या बाहेर. तिथे लेब्रॉन आणि डेव्हिस दोघेही दुखापतींनी बरेच सामने बाहेर होते, त्यामुळे सगळं खापर त्याच्यावर फोडणं अन्याय होईल. पण ज्या माणसाची सरासरीच ट्रिपल-डबल, त्याच्या येण्याने घरोघरी दिवाळी व्हायला हवी होती ना? ती कुठे दिसत नाही.

आता मित्राचं ब्रह्मास्त्र. "२०१६-१७ मध्ये वेस्टब्रूकने ट्रिपल-डबल केलं त्या ४२ सामन्यांत ओक्लाहोमा ३३-९ होतं. बाकीच्या सामन्यांत १४-२६. बोल आता!"

बोलतो. पाऊस पडला की छत्र्या उघडतात. छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडत नाही. असिस्ट कधी मिळतो? तुम्ही दिलेल्या पासवर दुसऱ्याने बास्केट केली तर. ज्या दिवशी सहकाऱ्यांचे शॉट पडतात त्या दिवशी तुमचे असिस्ट वाढतात, आणि त्याच कारणाने संघही जिंकतो. बचावातला रिबाउंड कधी मिळतो? समोरच्याचा शॉट चुकला तर. ज्या दिवशी समोरचे चुकतात त्या दिवशी तुमचे रिबाउंड वाढतात आणि संघ जिंकतो. म्हणजे ट्रिपल-डबल हे बऱ्याच अंशी चांगल्या दिवसाचं लक्षण आहे, कारण नाही. आणि त्या रिबाउंडची एक गंमत होती. समोरच्याचा शॉट चुकत असताना धिप्पाड स्टीव्हन अ‍ॅडम्स आपल्या माणसाला अंगाने रेटून बाजूला धरायचा, आणि मोकळा पडलेला चेंडू वेस्टब्रूक उचलायचा. घाम अ‍ॅडम्सचा, रकाना वेस्टब्रूकचा. यात डावपेच होता हे खरं, कारण चेंडू थेट त्याच्याच हातात आला की तो सुसाट पलीकडे पोचायचा. पण मग ते दहा रिबाउंड 'त्याचे' म्हणून मिरवायचे कशाला?

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्याला हे नव्याने सांगायला नको. नव्वदीत गेलेला फलंदाज एकेक धाव चोरतोय, षटकं संपत चालली आहेत, आणि घरात आजोबा ओरडतायत, "अरे, तुझं शतक होईल रे, पण मॅचचं काय?" तिथे आपल्याला बरोब्बर कळतं. बास्केटबॉल आला की तीच माणसं तक्ता काढतात!

आता ज्या रकान्याकडे कोणी बघत नाही त्याकडे येऊ. टर्नओव्हर, म्हणजे शॉट न मारताच चेंडू समोरच्याला देऊन टाकणे. २०१६-१७ मध्ये वेस्टब्रूक सामन्यामागे ५.४ वेळा चेंडू गमावत होता. अदलाबदलीच्या वर्षी, २०१९-२० ला, तो ४.५ आणि पॉल २.३. फरक दोन-सव्वादोनचा. एकदा चेंडू हातात आला की संघाला सरासरी एकाहून थोडा जास्त गुण मिळतो. म्हणजे दर सामन्याला दोन-अडीच गुण नुसते सांडले, आणि पुढे समोरच्याला फुकटची धाव मिळाली ती वेगळी. जिथे मॅचेस दोन-चार गुणांनी फिरतात तिथे ही गळती चालते? घरातला नळ असा गळत असता तर सोसायटीच्या सेक्रेटरीने नोटीस लावली असती.

"अरे, पण तो चेंडू जास्त हाताळतो म्हणून जास्त गमावतो!" बरोबर. हाच तर माझा मुद्दा आहे. प्रत्येक वेळी तोच का हाताळतो? पॉलच्या २०१९-२० च्या ओळीत १७.६ गुण आणि ६.७ असिस्ट दिसतात, तक्त्यात डोळ्यांत भरण्यासारखं काही नाही. पण त्याच संघात दुसऱ्या वर्षाचा शे गिल्जस-अलेक्झांडर सामन्यामागे १०.८ वरून १९ गुणांवर गेला, कारण त्याच्या वाट्याला चेंडू आला. (तोच शे २०२५ मध्ये एमव्हीपी झाला आणि ओक्लाहोमाला जेतेपद देऊन गेला. त्याचं श्रेय पॉलला देण्याइतका मी भाबडा नाही. पण शिकण्याच्या वयात त्याच्या शेजारी कोण उभं होतं, हे विसरू नये.) आणि सामना अटीतटीला आला की मग पॉल स्वतः पुढे यायचा. शेवटची पाच मिनिटं, पाच गुणांच्या आतला फरक, अशा वेळी त्या सीझनला अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक गुण पॉलचे होते. इतर वेळी चेंडू दुसऱ्यांना, फुफ्फुसं फाटायच्या वेळी आपल्याकडे. याला म्हणतात डाव मांडणं.

एक किस्सा सांगतो, माझा लाडका. डिसेंबर २०१९, ओक्लाहोमा विरुद्ध मिनेसोटा. सव्वा सेकंदसुद्धा उरलेला नाही, मिनेसोटा पुढे, त्यांचा माणूस फ्री थ्रोवर. म्हणजे मॅच संपल्यातच जमा. एवढ्यात मिनेसोटाचा बदली खेळाडू शर्ट न खोचता आत आला. पॉलने पंचांना बोट करून दाखवलं. नियमाप्रमाणे हा खेळ लांबवल्याचा गुन्हा, आणि त्या सामन्यातला त्यांचा दुसरा, म्हणून ओक्लाहोमाला एक फुकट फ्री थ्रो. तो पडला. मग शेवटच्या क्षणी लांबलचक पास, बास्केट, बरोबरी, आणि जादा वेळेत ओक्लाहोमा जिंकलं. आता सांगा, 'समोरच्याचा शर्ट बाहेर आहे हे लक्षात आणून दिले' हा रकाना कुठल्या तक्त्यात असतो?

(शाळेत असा मॉनिटर कोणालाच आवडत नव्हता, मलाही नाही. पण तो आपल्या संघात असला की बरं असतं.)

आता पॉलची बाजू धुवून काढायची तर तेही करू. नाहीतर म्हणाल, स्वतःच्या देवाला शेंदूर फासतोय. मे २०१४, क्लिपर्स विरुद्ध ओक्लाहोमा, पाचवा सामना. मिनिटभरसुद्धा बाकी नाही आणि क्लिपर्स सात गुणांनी पुढे. तिथून पॉलने चेंडू गमावला, वर वेस्टब्रूकलाच तीन गुणांचा शॉट घेताना फाउल केलं. वेस्टब्रूकने तिन्ही फ्री थ्रो थंड डोक्याने टाकले. १०५-१०४. त्या रात्री मोल कोणाचं जास्त होतं याबद्दल वाद नाही. २०१८ मध्ये ह्यूस्टन वॉरियर्सविरुद्ध ३-२ ने पुढे असताना पॉलची मांडी दुखावली, शेवटचे दोन सामने तो बसून होता, ह्यूस्टन हरलं. २०२१ ची अंतिम फेरी, २-० ने पुढे असून ४-२ ने हार. २०२२ ला फीनिक्स आपल्याच घरी सातवा सामना डॅलसकडून १२३-९० ने हरलं. आणि हा माणूस सहवासाला सोपा नाही हेही खरं. २०२५ च्या डिसेंबरात क्लिपर्सनी त्याला सीझनच्या मध्यात घरी पाठवून दिलं.

हे सगळं मान्य करूनही तराजू हलत नाही. "जेतेपद कुठे आहे?" म्हणाल तर ते वेस्टब्रूककडेही नाही. आणि २०१६-१७ ची एमव्हीपी मी काढून घेत नाही. ड्युरांट सोडून गेल्यावर उघड्यावर पडलेला संघ त्याने एकट्याच्या खांद्यावर ४७ विजयांपर्यंत नेला, ती खरी मर्दुमकी होती. माझा आक्षेप एवढाच, की आणीबाणीतला उपाय रोजची पद्धत झाली. आणि आपण टाळ्या वाजवून ती करून घेतली.

हे मी इतक्या पोटतिडकीने का लिहितोय? एका मॅचच्या वादासाठी दोन तास कोण टाइप करतं? खरं सांगायचं तर यात माझं स्वतःचं एक जुनं गळू आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी आमच्या टीमचा वेस्टब्रूक होतो. प्रॉडक्शनला रात्री काही पडलं की मी उठणार, मी लॉगिन करणार, मी फिक्स करणार. टिकेट बंद करण्यात माझा नंबर पहिला, दर महिन्याला. मॅनेजर सगळ्यांसमोर नाव घ्यायचा. आमच्याच टीममध्ये एक सीनियर होती. तिची टिकेटं माझ्या तिसरा हिस्सा. दिवसभर दुसऱ्यांचा कोड वाचत बसायची आणि कंटाळवाणे प्रश्न विचारायची. "हे रिकामं आलं तर काय होईल रे?" "हे दोनदा चाललं तर?" मला मनापासून राग यायचा. अप्रेझलला मला सगळ्यात वरचं रेटिंग मिळालं, तिला मधलं. तिने भांडण वगैरे केलं नाही. दुसरीकडे नोकरी बघितली आणि गेली.

ती गेल्यावर दोन-तीन महिन्यांत रात्रीचे फोन वाढले. बरेच वाढले. मी आणखी टिकेटं बंद करू लागलो, आधीपेक्षा जास्त. माझं आणखी कौतुक झालं! एका रात्री तीनला, एका पडलेल्या जॉबचं कारण शोधताना कळलं, की हा मीच आठवड्यापूर्वी टाकलेला कोड आहे आणि ही ती 'रिकामं आलं तर'वाली चूक आहे. मग मागची टिकेटं उघडून बघितली. निम्मी तरी त्याच जातीची. म्हणजे टीम घसरत होती आणि माझा आकडा चढत होता, एकाच कारणाने. आमच्या ऑफिसचा तक्ता मला ट्रिपल-डबल देत होता. आणि जिने त्या चुका होऊच दिल्या नव्हत्या तिच्यासाठी रकानाच नव्हता. न झालेल्या चुकीचं टिकेट कोण उघडणार?

तेव्हापासून मला 'तो किती करतो' या प्रश्नाची धास्ती बसली आहे. मी दुसराच प्रश्न विचारतो: तो आल्यावर बाकीच्यांचं काय झालं, आणि तो गेल्यावर काय झालं? खेळाडू असो, सहकारी असो, घरातली आई असो. याचं उत्तर मिळायला वेळ लागतो आणि ते तक्त्यात एका ओळीत बसत नाही. म्हणून तर बाजार चुकतो. म्हणून तर ह्यूस्टनसारखी आकडेमोडीसाठी नावाजलेली फ्रँचायझीसुद्धा वर पैसे मोजून मोकळी होते.

ती अदलाबदल झाली त्याच सीझनच्या शेवटी हे दोन संघ प्लेऑफच्या पहिल्या फेरीत समोरासमोर आले. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. शेवटच्या सामन्यात पॉलने १९ गुण, ११ रिबाउंड आणि १२ असिस्ट केले. हो, ट्रिपल-डबल! आणि ओक्लाहोमा १०४-१०२ ने हरलं. नियतीलाही विनोदबुद्धी असते म्हणायचं. पण बघा, त्या सामन्याच्या नावावर पॉलचं ट्रिपल-डबल कोणाच्या लक्षातही नाही. त्यालाही त्याचं कौतुक नसावं. हरलो, एवढंच.

हे सगळं मित्राला तोंडी सांगून झालं (चहाचे दोन राउंड गेले). सीनियरचा किस्साही सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, जिंकलो. मग म्हणाला, "सगळं पटलं. फक्त एक सांग. त्या वर्षी रेटिंगमुळे जी पगारवाढ मिळाली, ती परत केलीस का?"

नाही केली.